पहिल्या नंबरचा हीटर

त्याला सगळे पारखी म्हणत. खरं नाव होतं, पण ते वापरणार कोण? बायको 'अहो'च्या पुढे कधी गेली नाही, ऑफिसात सगळे 'पारखीसाहेब' म्हणायचे, आणि वाचकांना नावाशी देणंघेणंच नव्हतं. एका साप्ताहिकात तो घरगुती वस्तूंची परीक्षणं लिहायचा. नाटक-सिनेमावर लिहिणारे समीक्षक शेजारच्याच टेबलांवर बसत. त्यांचा तोरा काय विचारता! त्यांना पहिल्या रांगेतल्या खुर्च्या, नटनट्यांचे नमस्कार. ह्याच्या वाट्याला इस्त्र्या, कुकर, पंखे आणि गाद्या. पण गंमत बघा, त्यांचं लिहिणं कोणी मनावर घेत नसे आणि पारख्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बरोबरच आहे म्हणा. नाटक पडेल निघालं तर एक संध्याकाळ फुकट जाते. कुकर वाईट निघाला तर भात छताला चिकटतो.

माणूस सरळ होता. इतका सरळ, की घरच्यांना जाच व्हावा. दुकानात गेला तर तहान लागली तरी पाणी मागायचा नाही. कंपन्यांकडून आलेली भेट दारातूनच परत. एकदा तर शेजाऱ्यांनी चहाला बोलावलं तेव्हा हा पायरीवरूनच मागे फिरला. बायको चिडली.

"चहा म्हणजे काय लाच आहे का?"

"त्यांचा मेहुणा पंख्यांच्या कारखान्यात आहे."

"मग तुम्ही पंख्यावर लिहा, चहा मी पिऊन येते," ती म्हणाली आणि खरोखर पिऊन आली.

त्याचा आणखी एक नियम होता, आणि त्याचा त्याला सगळ्यात जास्त अभिमान होता. वस्तूच्या खोक्यात कंपनीची जी माहितीपुस्तिका असते, ती तो कधी वाचायचा नाही. खोकं उघडलं की पुस्तिका बाहेर, थेट केराच्या टोपलीत. "ती आरोपीची जबानी असते," असं त्यानं एकदा लिहिलंही होतं. "ती आधी ऐकली की न्यायाधीश गेला कामातून. वस्तू हातात घ्या, वापरा, ती स्वतः काय सांगते ते ऐका." वाचकांना हे फार आवडलं. पुढे पुढे तर लोक स्वतःच्या घरातल्या पुस्तिकाही वाचेनासे झाले. पारख्यानं वापरून बघितलंय ना, मग झालं तर.

समीक्षकावर विश्वास ठेवावा का, असा प्रश्न निघाला की लोक लगेच विकल्या गेलेल्यांवर घसरतात. अमक्यानं पैसे खाल्ले, तमक्याला गाडी मिळाली. अरे, त्या विकल्या गेलेल्याचं मला काही वाटत नाही. त्याला निदान आपण खोटं लिहितोय हे ठाऊक असतं. तो स्वतःच्या पोरीला ती वस्तू घेऊ देत नाही. भीती वाटायला हवी ती सरळ माणसाची. तो स्वतः फसलेला असतो आणि आपल्या माणसांना घेऊन फसतो.

त्या वर्षी थंडी लवकर आली, आणि आली ती मुक्कामालाच. सकाळी नळाचं पाणी बोटांना चावायचं. बाजारात गॅसवर चालणारा एक नवा छोटा हीटर आला होता, शाळेच्या दप्तराएवढा. भिंतीला भोक नको, धुराडं नको, नळी जोडली की झालं. पारख्यानं तो ऑफिसातल्या परीक्षणाच्या खोलीत आणला. गोदामाच्या मागची ती खोली. टेबल, खुर्ची, वजनकाटा, थर्मामीटर आणि पारखी. आठवडाभर तो त्या हीटरशेजारी बसून राहिला. हात धरून बघितले, ज्योत लहानमोठी केली, जाळीवर ओलं फडकं टाकून बघितलं, पायानं ढकलून पाडूनही बघितला. मग लिहिलं: 'वास नाही, आवाज नाही, दिवसभर शेजारी बसूनही डोकं जड होत नाही. लहान खोलीला पुरेसा. फक्त दारं-खिडक्यांच्या फटी नीट बुजवून घ्या, म्हणजे ऊब वाया जायची नाही.' आणि हीटरांमध्ये त्याला पहिला नंबर दिला.

हे छापून आलं आणि हीटर दुकानांतून उडाले. नदीकडच्या उतारावरच्या एका अरुंद गल्लीत एक दुकानदार होता, त्यानं ते परीक्षण मोठं करून काचेवरच लावलं. त्याच गल्लीत, लाकडी जिन्याच्या घरात, वरच्या मजल्यावर पारख्याची एकुलती एक लेक राहायची. तिला सगळे मनी म्हणत. नवरा बेकरीत भट्टीवर कामाला. ती नुकतीच बाळंतीण झाली होती, घरात दोन महिन्यांचं बाळ. मनीनं बापाला विचारलंसुद्धा नाही. काचेवरचं वाचलं आणि हीटर घरी आणला.

"विचारायचंस तरी," पारखी म्हणाला, पण त्याच्या तोंडावर खुशी मावत नव्हती.

"तुम्हाला काय विचारायचं बाबा? तुम्ही छापलंयत की. आणि मी खालच्या शिलाईमावशींनाही घ्यायला लावलाय. त्यांची बोटं थंडीनं आखडायची, सुई धरता यायची नाही. आता बघा कशा झरझर टाके घालतात."

शिलाईमावशी म्हणजे खालच्या मजल्यावरची एकटी म्हातारी. लोकांचे कपडे शिवून पोट भरायची आणि मनीच्या बाळाला तेल लावायला रोज वर यायची. पारख्यानं येताना दारातून त्यांना नमस्कार केला होता. त्यांनीही सुई तोंडात धरून मान हलवली होती.

दर रविवारी पारखी आणि त्याची बायको नातवाला बघायला जायचे. खोली छान उबदार असायची. मनीनं खिडकीच्या फटींत कापडाच्या पट्ट्या ठोसून वरून चिकटपट्टी लावली होती, अगदी बापानं लिहिलं होतं तशी. बाळ झोपलेलं असायचं. पहिल्या रविवारी झोपलेलं, दुसऱ्या रविवारीही झोपलेलं. गाल कसे लालचुटूक.

"किती शहाणं पोर आहे," पारखी म्हणाला. "रडत नाही, कुरकुरत नाही."

 बायकोनं बाळाच्या तळव्याला टिचकी मारली. बाळानं पाय जरासा आखडला आणि पुन्हा झोपलं.

"हे फार झोपतंय गं," ती म्हणाली. "तू ह्या वयाची असताना घर डोक्यावर घेतलं होतंस."

"मी बाबांवर गेले ना," मनी म्हणाली आणि कपाळ दाबत भिंतीला टेकली. तिचं डोकं हल्ली सारखं दुखायचं. जेवण नकोसं व्हायचं. बाळंतपणानंतर होतं असं, शेजारणी म्हणाल्या होत्या. जावई बेकरीतून आला तेव्हा त्यानंही सांगितलं, "मलाही घरी आलो की तासाभरात डोकं धरतं. कामावर असलो की काही नाही."

"घरी आल्यावर डोकं दुखणारे नवरे मी पुष्कळ पाहिलेत," सासू म्हणाली. सगळे हसले. मग तिनं उठून खिडकीच्या पट्टीला हात घातला. "जरा वारा येऊ दे. जीव गुदमरतोय माझा."

"नको आई, बाळाला गार लागेल. बाबांनीच लिहिलंय फटी बुजवा म्हणून."

बायकोनं नवऱ्याकडे बघितलं. पारखी डोळे मिटून खुर्चीत बसला होता. त्यालाही गुंगी येत होती, आणि ती ऊब त्याला फार आवडली होती. "राहू दे गं," तो म्हणाला. "मी आठवडाभर त्याच्या शेजारी बसून बघितलंय. तुझ्या मनाचे खेळ आहेत सगळे."

घरी जाताना रस्त्यानं ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. गार वाऱ्यात आल्यावर पारख्याला तरतरी वाटली, आणि म्हातारपणी चालणं किती चांगलं असतं यावर तो एकटाच बोलत राहिला.

पुढच्या आठवड्यात साप्ताहिकाच्या इमारतीच्या मालकानं सगळ्या खिडक्या बदलून घेतल्या. परीक्षणाच्या खोलीतली जुनी खिडकी वाकड्या चौकटीची होती. कितीही ढकलली तरी तळहात जाईल एवढी उघडीच राहायची. इतक्या वर्षांत तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं. खोलीत हवा खेळती असते, यापलीकडे पारख्यानंही कधी विचार केला नव्हता. आता तिथे नवी कोरी खिडकी बसली, घट्ट मिटणारी. रस्त्याचा आवाज बंद झाला आणि पारखी खूश झाला.

त्या दिवशी त्याला पहिल्या नंबरच्या हीटरची दुसऱ्या एका कंपनीच्या हीटरशी तुलना करायची होती. त्यानं आधी आपला जुना हीटर पेटवला, दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसला. सकाळ चांगली गेली. मग कपाळात ठणका सुरू झाला. चष्म्याचा नंबर वाढला असेल असं त्याला वाटलं. थोड्या वेळानं मळमळू लागलं. ज्योत नेहमी निळी असायची, ती पिवळी दिसत होती. हे लिहून ठेवायला हवं असं त्याच्या मनात आलं, पण हात उचलावासा वाटेना. जरा डोळे मिटावेत आणि मग लिहावं.

मुद्रितं तपासणाऱ्या बाई कागद घेऊन आल्या म्हणून तो वाचला. त्यांनी दार उघडलं, आत पाऊल टाकलं आणि नाकाला पदर लावला, जरी वास कसलाच नव्हता. पारखी टेबलावर डोकं टाकून पडला होता. त्यांनी त्याला बगलेत धरून ओढत पॅसेजमध्ये आणलं आणि पाणी मारलं. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. तो भिंतीशी वाकून भडाभडा ओकला.

"काय खाल्लंत सकाळी?" बाईंनी विचारलं.

 पारख्याची नजर उघड्या दारातून आत, त्या नव्या खिडकीवर खिळली होती. मग ज्योतीवर. मग पुन्हा खिडकीवर. डोक्यातला ठणका तसाच होता, आणि त्या ठणक्यातूनच त्याला एकेक आठवत गेलं. मनीचं दुखणारं डोकं. जावयाचं डोकं. दोन रविवार झोपलेलं पोर. लाल गाल. 

त्यानं मनीला फोन लावला. पुष्कळ वेळ वाजला. मग तिनं उचलला.

"मने, हीटर बंद कर. आत्ताच्या आत्ता. खिडकी उघड."

"कोण, बाबा?" तिचा आवाज लांबून आल्यासारखा होता. "बाळ झोपलंय."

"बाळाला उचल आणि जिन्यात जाऊन उभी राहा. हीटर विषारी हवा सोडतोय. ऐकतेस ना?"

"तुमचाच हीटर आहे बाबा. पहिल्या नंबरचा."

"मी चुकीचं लिहिलंय."

आयुष्यात हे वाक्य त्यानं कधी उच्चारलं नव्हतं, आणि लेकीला ते खरं वाटलं नाही. ती हसली. तसं ओलसर, झोपाळू हसू पारख्यानं कधी ऐकलं नव्हतं. "तुम्ही कधी चुकता का?" ती म्हणाली. "थोडं पडते बाबा. मग उघडते खिडकी." आणि फोन तसाच चालू राहिला. पलीकडे श्वास ऐकू येत होता. पारख्यानं तिला हाका मारल्या, शिव्या दिल्या, हात जोडले. श्वास तेवढा ऐकू येत राहिला.

ऑफिस शहराच्या एका टोकाला, लेकीचं घर दुसऱ्या. पण त्याचं स्वतःचं घर त्या गल्लीपासून पायी जाण्याएवढं होतं. त्यानं बाईंच्या फोनवरून बायकोला फोन केला. बायकोनं का, कसं, काय, काही विचारलं नाही. "मला ठाऊक होतं," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. पारखी गाडी करून निघाला. रस्ताभर त्याच्या कानाला आपला फोन होता, त्यात लेकीचा श्वास. मध्येच तो ऐकू येईनासा झाला. म्हणजे फोन बंद पडला होता की श्वासच, ते त्याला कळेना. ड्रायव्हरला तो सारखा 'चला, चला' म्हणत राहिला.

पोचला तेव्हा मनी जिन्याच्या पायरीवर बसून ओकत होती. तिची आई शेजारी, तिच्या मांडीवर गार वाऱ्यात उघडं पडलेलं बाळ. बायको बाळाच्या पाठीवर चापट्या मारत होती. बाळ निळसर दिसत होतं. मग त्यानं तोंड वासलं आणि एक बारीक, चिरका आवाज काढला. पारख्यानं आजवर ऐकलेला तो सगळ्यात कर्कश आवाज असेल. 

"रड बाबा, रड," आजी म्हणत होती. "अजून रड."

इस्पितळात दोघांना प्राणवायू लावला. डॉक्टर तरुण होता, थकलेला. पोर वाचेल म्हणाला. पुढे बोलायला-चालायला लागेल तेव्हा बाकीचं कळेल. नगरपालिकेला कळवतो, त्यांची माणसं सकाळी गल्लीत जातील, असंही म्हणाला. पारख्यानं संपादकांना फोन केला. ते म्हणाले, वाईट झालं, पण आधी कंपनीशी बोलावं लागेल, मग पुढच्या अंकात छोटी दुरुस्ती टाकू. बायको भिंतीला टेकून उभी होती. ती त्याला बोल लावेल याची तो वाट बघत होता. तिनं बोल लावला असता तर बरं झालं असतं.

मनीनं तोंडावरचा मास्क बाजूला केला. "बाबा, गल्लीत सगळ्यांकडे तोच आहे. मी स्वतः सांगितलं सगळ्यांना. माझे बाबा खोटं लिहीत नाहीत, म्हणाले मी. आणि शिलाईमावशी एकट्या असतात."

पारखी उठला आणि गल्लीकडे निघाला.

आधी तो शिलाईमावशींकडे गेला. त्यांनी दार उघडायला वेळ लावला. आत टेबलावर अर्धवट शिवलेला सदरा होता, त्यात सुई तशीच टोचलेली. मावशींचे डोळे जड दिसत होते. पारख्यानं सगळं सांगितलं, वरच्या मजल्यावर काय झालं तेही. त्यांनी बाळासाठी हळहळ केली. मग त्यानं हीटर बंद केला, खिडकीची पट्टी फाडली आणि खिडकी सताड उघडली. गार वारा आत घुसला, तशी म्हातारीनं बोटं काखेत दाबली.

"हे असंच ठेवा, मावशी. आज शेजारच्यांकडे झोपायला जा. सकाळी नगरपालिकेची माणसं येतील."

"बरं बरं," मावशी म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तसं."

मग तो दारोदार फिरू लागला. आणि इथे त्याला असं काही भेटलं, की जे त्यानं कधी कल्पिलंही नव्हतं. लोक त्याला ओळखत, आत बोलावत, आदरानं खुर्ची देत. पण त्यानं तोंड उघडलं की त्यांचा चेहरा बदलायचा.

"मागच्या महिन्यात तुम्हीच पहिला नंबर दिला होता ना?"

"हो. ती माझी चूक होती."

"मग आता दुसऱ्या कंपनीचा आलाय वाटतं बाजारात," एक गृहस्थ बायकोकडे बघत म्हणाले. "काय हो पारखीसाहेब, त्यांनी काय दिलं?"

 चहाचा कपसुद्धा ज्यानं कधी घेतला नाही, त्याला हे ऐकून घ्यावं लागत होतं. बरं, रागावणार कोणावर? त्याच्या चुकीवर आख्ख्या गल्लीनं डोळे मिटून विश्वास ठेवला होता, आणि आता तो खरं सांगत होता तर त्यांना ते विकत घेतलेलं वाटत होतं. छापलेलं ते खरं. जिन्यात उभं राहून घाम पुसत सांगितलेलं खरं असतं का कुठे?

दुकानदार तर भडकलाच. काचेवरचं परीक्षण पारख्यानं ओढून काढायला हात घातला, तसा तो मध्ये आला. त्यानं फळीवरचं एक नवं खोकं फोडलं, आतली पुस्तिका उघडून पारख्याच्या नाकासमोर धरली. "हे बघा. पहिल्याच पानावर लिहिलंय. हीटर चालू असताना खोलीची एक खिडकी कायम उघडी ठेवावी. कंपनीनं सांगितलंय. मी गिऱ्हाईकांना म्हणायचो, हे वाचा. ते म्हणायचे, ती आरोपीची जबानी आहे, आम्ही पारख्याचं वाचलंय."

पारख्यानं ती ओळ वाचली. चांगली ठसठशीत छापली होती.  मग परीक्षण त्यानं काचेवरून फाडून काढलं, आणि दुकानदारानं त्याला अडवलं नाही.

अंधार पडू लागला होता. तो ज्या ज्या घरी गेला, तिथली एक तरी खिडकी स्वतःच्या हातानं उघडून आला होता. लोक "हो हो" म्हणाले होते. शेवटच्या घरातून तो बाहेर पडला आणि गल्लीच्या मधोमध उभं राहून त्यानं वर बघितलं. थंडी हाडांत शिरत होती. समोरच्या घरात एक हात बाहेर आला, खिडकीचं दार ओढून घेतलं. मग त्याच्या शेजारची मिटली. मग पलीकडची. कोणी त्याच्याकडे रागानं बघत नव्हतं. एका बाईनं तर खिडकी लावता लावता त्याला बघून ओळखीचं हसूही दिलं. आत दिवे लागले होते, काचांवर वाफ धरत होती.

त्याची नजर शिलाईमावशींच्या खिडकीकडे गेली. ती केव्हाच मिटलेली होती. आतून पुन्हा पट्टी ठोसलेली स्पष्ट दिसत होती.

तो धावत जाऊन दार ठोठावू लागला. पुष्कळ वेळानं आतून आवाज आला.

"कोण आहे?"

"मी, वरच्या मनीचा बाप. मावशी, दार उघडा. हीटर पेटवलात का?"

"जरासा लावलाय. बोटं वळेनात हो, सदरा उद्या द्यायचाय."

"बंद करा आणि बाहेर या. मी पाया पडतो तुमच्या."

"अहो, मनीच्या बाळाला काहीतरी दुसरं झालं असेल," मावशी आतून म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात माया होती आणि प्रत्येक शब्द आधीच्या शब्दाहून हळू येत होता. "तुम्ही घाबरलात म्हणून असं बोलताय. तुमचं ते लिहिलेलं वाचलंय मी. सगळं शांतपणे, विचार करून लिहिलेलं. उद्या या. आता कुठे ऊब आलीय."

मग काही ऐकू आलं नाही.

पारख्यानं दाराला खांदा मारला. तो अंगानं किडकिडीत, त्यात सकाळपासून पोटात काही नाही. दार जागचं हललंसुद्धा नाही. त्यानं पुन्हा मारला. आवाजानं माणसं जमली. मघाचे ते गृहस्थ पुढे झाले आणि त्यांनी त्याचे दंड मागून पकडले. आणखी एकानं कंबर धरली.

"काय चालवलंय हे, पारखीसाहेब? एकट्या म्हातारीचं दार फोडता? शोभतं का तुम्हाला?"

"ती आत मरतेय."

"झोपल्यात त्या. दिवसभर डोळे फोडून शिवतात, झोपतील नाही तर काय. सोडा आता, घरी जा. तुम्हाला विश्रांतीची गरज आहे."

पारख्यानं सुटायची धडपड थांबवली. तो त्या लोकांकडे वळला. आता त्याच्याजवळ त्यांना पटवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. नाव नाही, नियम नाही, वीस वर्षांचा सरळपणा नाही.

"माझं ऐकू नका," तो म्हणाला. "मी बोलतो त्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. तुम्ही फक्त त्यांना हाक मारून बघा."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. एक बाई पुढे आली, दाराशी तोंड नेऊन म्हणाली, "मावशी." मग जरा मोठ्यानं, "मावशी, अहो मावशी." मग दुकानदारानं हाक मारली. मग जिन्यावरच्या दोघा-तिघांनी एकदमच मारली. गल्लीत इतकी शांतता झाली, की दाराआडची हीटरची बारीक फुरफुर सगळ्यांना ऐकू आली.

पारख्याचे दंड धरून ठेवलेल्या गृहस्थांनी हात सोडले आणि स्वतःच दाराला खांदा लावला.